लोपीस सर थांबले आहेत

विरार स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याला लोपीस सरांनी विचारलं, "नंदाखालला येणार का?" आणि ते थांबले.

रिक्षावाला मोबाइलमध्ये बुडालेला. अशा वेळी तुम्ही-आम्ही पुढच्या रिक्षाकडे वळतो. फार तर मनातल्या मनात त्याच्या खानदानाची विचारपूस करतो. सर वळले नाहीत. हात पाठीमागे बांधलेले, मान जराशी कलती, आणि चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाचा सौम्य भाव. मागे माणसं साचली. एक बस हॉर्न मारून मारून दमली. शेवटी रिक्षावाल्यानं मान वर केली, तर हे अजून समोरच.

"अरे अंकल, नहीं जाना है! कितनी बार बोलूँ?"

"एकदाच बोललात. आत्ता," सर म्हणाले. "धन्यवाद." आणि पुढच्या रिक्षापाशी जाऊन तोच प्रश्न विचारून पुन्हा उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर होते, मला आगाशीला उतरायचं होतं, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, आणि त्या दिवशी कोथिंबिरीनं माझ्याआधी मान टाकली.

प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचं, एवढी एकच खोड प्रा. इनास लोपीस यांना होती. पण ती उठल्यापासून झोपेपर्यंतची होती. एकदा मी त्यांच्या गावी एका लग्नाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले होते. प्रवचनात फादरांनी विचारलं, "आज आपण एकमेकांना वेळ देतो का?" फादरांना उत्तर नको होतं, ते पुढच्या वाक्यावर गेलेही. सर मात्र खरोखरच विचार करू लागले. सगळं देऊळ (तिकडे चर्चला देऊळच म्हणतात) उठून उभं राहिलं, गाणं सुरू झालं, आणि पहिल्या बाकावर एक माणूस एकटाच बसून, कपाळाला आठ्या घालून हिशेब लावतोय.

आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. म्हणजे टाइमटेबलवर तसं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात ते वर्गात जात, एक प्रश्न टाकत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "घाई नाही. मी आहे."

याच्या अगदी उलट टोकाला स्टाफरूमच्या खिडकीशी एक बाई बसायच्या. सामंत मॅडम, अर्थशास्त्र. त्यांच्याबद्दल मला फार बोलायला आवडतं, कारण ती मीच, आणि आता त्या बाईची मला भीती वाटत नाही. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, प्लास्टिकच्या पिशवीत पिवळ्या पडलेल्या नोट्स, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा माझाच मागणीचा नियम लिहून घेत. डिक्टेशन देताना मी विरामचिन्हंही सांगायची. "कंसात, इतर परिस्थिती स्थिर असताना, कंस पूर्ण." मग "समजलं?" असं विचारायची आणि "समजलं" असंही मीच म्हणायची. वेळ वाचतो. दिवाळीच्या आत माझा पोर्शन पूर्ण. तो वर्गाच्या कितीतरी पुढे निघून गेलेला असायचा, एकटाच.

माझी नात म्हणते, "आजी, तू मला बोलूच देत नाहीस, माझं वाक्य तूच संपवतेस." मी तिला सांगते, बाळा, तू मला पूर्वी बघायला हवं होतंस, मी अख्ख्या वर्गाची वाक्यं संपवायची.

लोपीस सर मला एकदा म्हणालेही होते, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता, की दार लावून घेता?" त्यावर मी त्यांना जे सुनावलं ते बरंच लांब होतं. ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी.

आमचं जमलं ते एका आरशावरून. माझा तास त्यांच्या तासानंतर त्याच वर्गात असायचा. बेल झाली तरी हे बाहेर येईनात. मी दारात जाऊन घसा खाकरला. सगळा वर्ग चिडीचूप. सर खुर्चीत. फळ्यावर एकच ओळ: आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का उलटत नाही?

"सर, माझा तास," मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. इतकं हळूच, जणू कुठलं पाखरू उडेल. मी पाखरू शोधू लागले. शेवटच्या बाकावर अर्नाळ्याची एक मुलगी होती. घरचा मासळीचा धंदा. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. ती उभी राहिली होती.

"मी बोलू, सर? पन चुकंल."

"घाई नाही."

बराच वेळ ती बाकावर बोट फिरवत राहिली. मी घड्याळ बघितलं. मी चप्पल वाजवली. मग ती म्हणाली, "आपले डोले एकाच्या बाजूला एक हायेत ना, सर? वर-खाली नाय. म्हनून."

सरांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद. "चूक!" ते म्हणाले. "पण कुठल्याही पुस्तकात नसलेली चूक! आता ती चूक आहे हे कसं ओळखायचं? एक डोळा मिटून बघा."

आणि सामंत मॅडम, अर्थशास्त्र, दारात उभ्या असताना त्यांच्याकडे बघून सगळ्या वर्गानं एकदम एक डोळा मिटला.

मी प्राचार्यांकडे तक्रार करायला निघाले होते. जिन्यातच मला हसू फुटलं आणि मी रेलिंगला धरून बसले. तिथून आमची मैत्री. ती मुलगी त्यानंतर रोज बोलू लागली. इतकी, की माझ्या तासालासुद्धा हात वर करायला लागली, आणि माझं डिक्टेशन मागे पडू लागलं.

इतकं सगळं चांगलं चाललं म्हणजे कॉलेजात परिपत्रक निघणार हे ठरलेलं. पदार्थविज्ञानाचा पोर्शन दर वर्षी मागे राहतो, तरी यापुढे प्रत्येकानं प्रश्नसंच उत्तरांसह मुलांना लिहून द्यावा, आणि किती झाला ते दर शनिवारी कळवावं. परिपत्रकात नाव कुणाचंच नव्हतं, पण ते वाचून सगळी स्टाफरूम एकाच खुर्चीकडे बघत होती.

त्याच सुमारास विद्यापीठाची योजना आली. प्राध्यापकांनी शिकवण्या-शिकण्याच्या नव्या पद्धतींवर संशोधन करावं, विद्यापीठ अनुदान देईल. आम्ही बाकीच्यांनी ती नोटीस वाचली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर पतपेढीच्या सभेची नोटीस लागली. सरांनी खालची नोटीस वरची न फाडता काढून घेतली. त्यांना पैसे नको होते. त्यांना हवं होतं ते नियमांच्या शेवटी एका ओळीत होतं: मंजूर प्रकल्पाचे तास पोर्शनमध्ये धरू नयेत. म्हणजे आठवड्यातले काही तास वर्गात थांबायची परवानगी, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट. जगाकडे या माणसाची एवढीच मागणी होती.

प्रस्ताव लिहायला ते माझ्याकडे आले, कारण कागद रंगवण्यात माझा हात कुणी धरला नसता. नियमाप्रमाणे सह-संशोधक लागतो, तीही मीच झाले. शांततेवरच्या संशोधनात सह-संशोधक सामंत मॅडम! आमचे हे घरी चहा पिता पिता ठसका लागेपर्यंत हसले.

"सर, अपेक्षित निष्पत्ती काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा."

"अहो, माहीत नाही म्हटल्यावर अनुदान कोण देईल?"

"माहीत असेल तर संशोधन कशाला करायचं, मॅडम?"

उपकरणांच्या रकान्यात त्यांनी 'काही नको' असं लिहिलं. प्रस्ताव परत आला: खर्च नसलेला प्रकल्प विचारात घेता येत नाही. मग आम्ही एक खुर्ची घातली. हातांची, कारण थांबणाऱ्याला टेकायला काहीतरी लागतं. तो परत आला: फर्निचर योजनेत बसत नाही. तेव्हा एक टेपरेकॉर्डर घातला. मी विचारलं, "त्यात काय भरणार?" सर म्हणाले, "शांतता." ते मी लिहिलं नाही, पण प्रस्ताव पुढे सरकला आणि आम्हाला मुलाखतीला बोलावणं आलं.

समितीत तीन माणसं होती. एक मोबाइलमध्ये, एक चहात, आणि मधोमध एक पिकलेले गृहस्थ, ज्यांचे डोळे उघडे होते म्हणून जागे म्हणायचं. मी तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा धरून बसले होते, म्हणजे मध्येच बोलायची सोय राहू नये.

"थोडक्यात सांगा," मोबाइल म्हणाला.

सर उभे राहिले. म्हणाले, "तुम्हाला प्रश्न विचारून, तुमच्या उत्तरासाठी शेवटचं कोण थांबलं होतं?" आणि पाठीमागे हात बांधले.

मोबाइलवाल्यांना वाटलं, ही प्रस्तावना. चहावाल्यांना वाटलं, सर भाषण विसरले. त्यांनी सहानुभूतीनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. पंखा कुरकुरत होता. माझ्या तोंडातला खडा विरघळत चालला होता आणि त्याबरोबर माझा निर्धारही. पण मधले गृहस्थ एकाएकी सरांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा काढला. ओठ उघडले. काहीतरी खूप लांबून निघालं होतं, घशापर्यंत आलं होतं...

"वेळ संपली," दारातला शिपाई म्हणाला. "पुढचे!"

गृहस्थांनी चष्मा लावला. निकालात शेरा होता: सादरीकरण अपूर्ण.

स्टेशनपर्यंत मी समितीच्या नावानं बोटं मोडत होते. सर म्हणाले, "मॅडम, ते मधले सांगणार होते हो." बस्स, एवढंच. पुढे किती दिवस ते तेवढंच म्हणत राहिले.

मी निवृत्त झाले, आजी झाले, गुडघे बदलून घेतले. सर दर वर्षी नवा प्रस्ताव घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येत राहिले, आणि दर वर्षी तो नाकारला जात राहिला. प्रस्तावाचं नाव मात्र अंगानं भरत गेलं. पहिल्या वर्षी नुसतं 'थांबणे' होतं. मग 'वर्गातील प्रश्नोत्तर शांततेचा अभ्यास' झालं. मग त्यात 'अध्ययनार्थी-केंद्री' आलं, 'अवकाश' आला, 'सक्षमीकरण' आलं. दरम्यान प्रश्नसंच सुरूच होता. सर तो लिहून देत. लिहून देताना त्यांचा आवाज, मुलं सांगत, लोकांचे नंबर पुकारणाऱ्या बँकेच्या यंत्रासारखा यायचा.

निवृत्तीला थोडाच अवधी राहिला आणि शेवटच्या प्रस्तावावर सही करताना नवे प्राचार्य म्हणाले, "सर, एवढं छान काम, आणि टायटलमध्ये 'डिजिटल' नाही? थांबा, मी घालतो. मग बघा कसं उडतं ते."

उडालं. प्रकल्प मंजूर. सर माझ्याकडे पेढे घेऊन आले. एरवी संथ चालणारा माणूस, त्या दिवशी जिना धावत चढून आला होता. "मॅडम, एक वर्ष मिळालं! पूर्ण एक वर्ष थांबता येईल!" मी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला आणि त्यांच्या समोर बसून, खरं सांगते, थोडी रडले. आनंदानं. मूर्ख बाई.

कारण पैसे मंजूर झाले होते ते फक्त उपकरणाच्या रकान्यात. आणि नावात 'डिजिटल' असल्यामुळे उपकरण विद्यापीठानंच ठरवून पाठवलं होतं: वर्गाच्या भिंतीएवढा चकचकीत पॅनेल. त्याला प्रश्न ऐकू यायचा. मुलांपैकी कुणी लगेच बोललं नाही, तर तो स्वतःच उत्तर सांगायचा, एका गोड बाईच्या आवाजात, खाली चित्रासकट.

उद्घाटनाला मला बोलावणं होतं. फीत, नारळ, हार. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमचा तो फेमस प्रश्न विचारा ना, आरशाचा."

सरांनी वर्गाकडे पाहिलं. नेहमीच्या हळू आवाजात प्रश्न विचारला. आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलानं हात वर करायला सुरुवात केली. अगदी सुरुवातच, कोपर बाकावरून उचलला गेला होता एवढंच.

"खूप छान प्रश्न!" पॅनेलमधली बाई म्हणाली, आणि तिनं उत्तर सांगून टाकलं. अचूक. बाणांची आकृतीही काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या मुलानंही टाळ्या वाजवल्या, कारण हात मोकळेच होते.

टाळ्या न वाजवणारे दोघंच होते. मी, आणि सर. सर त्या मुलाच्या कोपराकडे बघत होते.

"पॅनेल बंद ठेवला तर?" मी नंतर विचारलं.

"किती तास चालला ते तो विद्यापीठाला आपोआप कळवतो. वापर दिसला नाही तर प्रकल्प रद्द. आणि प्रकल्प रद्द म्हणजे तास पुन्हा पोर्शनमध्ये."

आवाज बारीक करून बघितला. उत्तर अक्षरांत उमटायला लागलं. मग, मुलं सांगतात, सर प्रश्न विचारून लगबगीनं पॅनेलसमोर जाऊन उभे राहत. हात फैलावून. पाठीनं उत्तर झाकत. पण पॅनेल मोठा, सर बारीक; दोन्ही बाजूंनी उत्तर दिसायचं, आणि मुलं मान वाकडी करून ते उतरवून घ्यायची. आयुष्यभर ज्या वर्षाची वाट पाहिली, ते वर्ष सरांनी असं दोन्ही हात पसरून घालवलं. अहवालावर शेरा आला: उत्कृष्ट.

ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ. पॅनेल अजून आहे.

परवा रविवारी मी नंदाखालला त्यांच्याकडे गेले, सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, आणायच्या निमित्तानं. सर मिस्सा आटोपून आले होते. मार्थाबाईंना, त्यांच्या पत्नीला, जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर स्वच्छ आहे, पण एका माणसाचं स्वच्छ. आम्ही ओटीवर चहा घेत होतो. वाडीत केळींना पाणी लावलेलं होतं. फोन वाजला. त्यांचा मुलगा रॉनी, कॅनडातला. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"डॅडी, जेवलात?"

"अजून नाही. सामंत मॅडम आल्यात. तिथे थंडी?"

"आहे."

"रॉनी," सर म्हणाले, "तिथे तुला बरं वाटतं का रे?" आणि पुढे काही बोलले नाहीत.

पलीकडून काही नाही. मग, "हॅलो? डॅडी? आवाज येत नाही. हॅलो? हॅलो?" आणि फोन कट.

"अहो, मध्ये 'हं' तरी म्हणा!" मी ओरडलेच. "त्याला वाटतं लाइन गेली."

"'हं' म्हटलं की तो 'ठीक आहे' म्हणतो." सर कपातल्या चहाकडे बघत होते. "ठीक आहे, ते मला माहीत आहे. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

"लहानपणी अडखळायचा तो," सर म्हणाले. "पहिलं अक्षर तोंडात अडकायचं. आणि माझा पहिला तास सकाळचा. स्कूटर सुरू करून मी अंगणात उभा. त्याला शाळेतलं काहीतरी सांगायचं असायचं. मी त्याचं वाक्य पुरं करून टाकायचो. बरोबर करायचो हो, मॅडम. प्रत्येक वेळी बरोबर. मग त्यानं वाक्य सुरू करणंच सोडलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मार्था म्हणायची, थांब जरा. मग मी वर्गात थांबायला शिकलो. घरी थांबायला शिकलो, तोवर हा विमानात बसला होता."

फोन पुन्हा वाजला.

"डॅडी, कट झाला होता. काय विचारत होतात?"

सरांनी तेच विचारलं, त्याच शब्दांत. आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून, फोनवर वाकून बसले.

कुणी बोलत नव्हतं. पण फोनवरचे आकडे पुढे पुढे सरकत होते. म्हणजे लाइन चालू होती, म्हणजे त्यानं ठेवला नव्हता. मग पलीकडून एक श्वास ऐकू आला. आणि मग, "म... म... म..."

सरांचे ओठ हलले. ते वाक्य त्यांना येत होतं. संपूर्ण येत होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी ओठ दातांखाली घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले.

"म..."

वाडीत पंप धडधडत होता. मला तो बंद करावासा वाटला.

"नंतर बोलतो, डॅडी," रॉनी एका दमात म्हणाला. फोन बंद झाला.

सर तसेच वाकून बसले होते. पडदा काळा झाला तरी. मग सरळ झाले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांचा चेहरा रडवेला होता की उजळलेला, मला सांगता येणार नाही.

"सुरू केलं होतं त्यानं, मॅडम," ते म्हणाले. "ऐकलंत ना तुम्ही? सुरू केलं होतं."